भाग ३१ : टेबलावरच्या टोप्या

(नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मजकूर. माझे "अं" आणि "म्हणजे कसं" काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? चला मग.

१५ डिसेंबर २०२१. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, एका शाळेतला कार्यक्रम. टेबलामागे अठरा वर्षांचा एक पोरगा बसलाय, ट्रॅव्हिस हंटर. समोर विद्यापीठांच्या टोप्या मांडल्यात. तिकडे ही रीतच आहे. शाळेतला नावाजलेला खेळाडू कोणत्या कॉलेजात जाणार, हे तो कॅमेऱ्यांसमोर टोपी घालून जाहीर करतो. आपल्याकडे निकालानंतर क्लासवाले पेढा भरवतानाचा फोटो छापतात ना, त्याचा हा मोठा भाऊ समजा.

हंटर त्या वर्षी देशातल्या शालेय फुटबॉलपटूंच्या बहुतेक याद्यांमध्ये पहिला किंवा दुसरा होता. (फुटबॉल म्हणजे त्यांचा, हातात धरून पळायचा तो.) फ्लोरिडा स्टेट या बड्या विद्यापीठाला त्याने आधीच शब्द दिलेला. सगळे तीच टोपी धरून बसले होते आणि पठ्ठ्याने डोक्यावर चढवली जॅक्सन स्टेटची. मिसिसिपी राज्यातलं, १८७७ साली सुरू झालेलं, कृष्णवर्णीयांचं कॉलेज. असल्या याद्या निघायला लागल्यापासून इतक्या वरचा खेळाडू असल्या कॉलेजात कधी गेला नव्हता.

एका वर्षानंतर तो तिथून निघून गेला. कोच गेले, त्यांच्यामागे तोही. मग इंटरनेटवर दोन तट पडले. एक म्हणे, गद्दार. दुसरा म्हणे, पोराने आपलं भलं बघितलं, तुमच्या पोटात का दुखतं? मी ते भांडण वाचत बसलो आणि वाचता वाचता १८९० सालापर्यंत मागे गेलो. आजचा भाग त्याबद्दल.

आधी एक गोष्ट साफ करतो. आपल्याकडे क्रिकेटर घडतो तो क्लबात, अकादमीत, रणजीत. कॉलेजचा संबंध हजेरीपुरता, तोही परीक्षेच्या आधी. अमेरिकेत उलट आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगकडे जायचा मुख्य रस्ता कॉलेजातूनच जातो. त्यामुळे कॉलेजचा खेळ हा स्वतःच अब्जावधींचा धंदा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात एक लाख सात हजार माणसं बसतात. वानखेडेवर साधारण ३३ हजार. म्हणजे तीन वानखेडे भरतील एवढी गर्दी, कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला. आणि २०२१ च्या मध्यापर्यंत या पोरांना खेळाचे पैसे घ्यायची मनाई होती. फी माफ, राहणं-जेवण फुकट, बाकी नियमात काही नाही.

आता ती कृष्णवर्णीयांची कॉलेजं. तिकडे त्यांना एचबीसीयू म्हणतात, आपणही तेच म्हणू. आज अशी शंभरेक आहेत आणि बहुतेक दक्षिणेकडच्या राज्यांत. त्यातली बरीच गुलामगिरी संपल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत उभी राहिली. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली ते साल १८७३. म्हणजे इकडे पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा तिकडे ही कॉलेजं नुकतीच डोळे उघडत होती.

१८९० साली अमेरिकन संसदेने एक कायदा केला. सरकारी मदतीवर चालणाऱ्या राज्य विद्यापीठांनी एकतर वंश न बघता प्रवेश द्यावा, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॉलेज काढावं आणि पैसे न्याय्य वाटून द्यावेत. दक्षिणेकडच्या राज्यांनी काय निवडलं असेल? वेगळं कॉलेज. आणि पैशांची न्याय्य वाटणी? ती बाजू लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

तर, "उत्तम कृष्णवर्णीय खेळाडू एचबीसीयूत का जात नाहीत" हा प्रश्न १९५५ मध्ये कोणी विचारला असता तर लोक हसले असते. दक्षिणेत राहणारा खेळाडू असेल तर तो दुसरीकडे जाणार कुठे?

बॉब हेज घ्या. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण, पुढे डॅलसकडून सुपर बोल. ऑलिम्पिक सुवर्ण आणि सुपर बोलची अंगठी दोन्ही असलेला जगातला एकमेव माणूस. घरापासून दोन तासांच्या आत फ्लोरिडा विद्यापीठ होतं. पण हा शाळेतून बाहेर पडला तेव्हा तिथे पदवीला एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी घेत नव्हते. जगातला सर्वात वेगवान माणूस, आणि त्याच्याच राज्याच्या विद्यापीठाचं दार त्याला बंद. तो फ्लोरिडा ए अँड एम या एचबीसीयूत गेला. तिथले कोच जेक गेदर २५ हंगामांत २०३ सामने जिंकले आणि फक्त ३६ हरले.

लुइझियानात ग्रॅम्बलिंग नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे १९४१ साली एडी रॉबिन्सन नावाचे तरुण कोच आले. सुरुवातीला मैदानाचं गवत तेच कापायचे, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या तेच बांधायचे आणि सामन्याची बातमीही तेच लिहून वर्तमानपत्राला द्यायचे. (स्टार्टअपमध्ये काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.) ते तिथे १९९७ पर्यंत राहिले. ४०८ विजय. दोनशेहून जास्त पोरं व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाठवली. त्यातला डग विल्यम्स १९८८ मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

पण मला सगळ्यात आवडते ती टेनेसी स्टेटची गोष्ट, त्यामुळे तिथे जरा थांबतो.

एड टेंपल. मुलींच्या धावण्याचे कोच, १९५० पासून. तेव्हा अमेरिकेतली मोठी विद्यापीठं मुलींच्या खेळाकडे ढुंकूनही बघत नव्हती. त्यामुळे ही एक विचित्र परिस्थिती होती. मुलांच्या बाबतीत बड्यांची दारं बंद होती. मुलींच्या बाबतीत दाराच्या आतही काही नव्हतं. आणि देशातल्या सर्वोत्तम धावपटू मुली नॅशव्हिलच्या या गरीब कॉलेजात जमल्या. टायगरबेल्स म्हणायचे त्यांना. टेंपल त्यांना गाडीत घालून शर्यतींना न्यायचे. वाटेतली हॉटेलं कृष्णवर्णीयांना आत घेत नसत, म्हणून जेवण बरोबर बांधून. स्वच्छतागृहंही बंद, म्हणून रस्त्याकडेचं शेत. आणि या मुली मग ऑलिम्पिकला जायच्या.

१९६० चं रोम. विल्मा रुडॉल्फ, लहानपणी पोलिओ झालेली, पायाला पट्टा लावून चालणारी मुलगी, तीन सुवर्णं घेऊन आली. त्यातलं एक रिले शर्यतीचं. चार मुली धावल्या अमेरिकेकडून. मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स, विल्मा रुडॉल्फ. चारही टेनेसी स्टेटच्या. म्हणजे देशाचा संघ आणि एका कॉलेजचा संघ एकच! टेंपल यांच्या हाताखालून एकूण ४० ऑलिम्पिक खेळाडू आणि २३ पदकं आली.

विल्मा परत आली तेव्हा तिच्या क्लार्क्सव्हिल गावाने मिरवणूक काढायचं ठरवलं. गोरे-काळे वेगळे असतील तर मी येणार नाही, असं तिने सांगितलं. गावातला तो पहिला एकत्र समारंभ ठरला. वय वर्षं वीस.

तर हा काळ होता. आपण आज बघून म्हणतो, काय सुवर्णकाळ. पण तो सुवर्णकाळ कुलपाने बांधलेला होता, हे विसरून चालत नाही.

कुलूप उघडलं कसं? इथे एक प्रसिद्ध गोष्ट आहे, आणि ती मी आधी खरी मानत होतो. १२ सप्टेंबर १९७०, बर्मिंगहॅम शहर. अलाबामा विद्यापीठाचा संघ सगळा गोरा. कोच बेअर ब्रायंट, तिथे देवासारखे. समोर कॅलिफोर्नियाहून आलेला यूएससीचा संघ. त्यांचा सॅम कनिंगहॅम नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू १३५ यार्ड पळाला, दोन टचडाउन केले आणि यूएससी ४२-२१ जिंकलं. गोष्ट अशी सांगतात की त्या संध्याकाळी अलाबामाचे डोळे उघडले आणि वंशभेद संपला. सिनेमाला शोभेल असा शेवट.

घोळ असा आहे, की त्या दिवशी अलाबामाकडे विल्बर जॅक्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू आधीच होता. शिष्यवृत्ती देऊन घेतलेला. तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो मैदानावर नव्हता. आणि त्याच्याही आधी, जुलै १९६९ मध्ये, अलाबामातल्याच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंट आणि विद्यापीठाविरुद्ध कोर्टात दावा लावला होता की तुम्ही आमचे खेळाडू घेत नाही. म्हणजे डोळे उघडले ते एका पराभवाने नाही. मागे विद्यार्थी होते, वकील होते, तारखा होत्या. पण तारखांवर कोण सिनेमा काढणार?

असो. दार उघडलं. आणि उघडायलाच हवं होतं, यात शंका नको. पण ते उघडलं कसं ते बघा. खेळाडू आत घेतले, कोच नाही. दक्षिणेकडची मोठी विद्यापीठं ज्या एसईसी नावाच्या गटात खेळतात, तिथे फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच कधी आला असेल? सिल्व्हेस्टर क्रूम, मिसिसिपी स्टेट, हंगाम २००४ चा. हे क्रूम स्वतः ब्रायंट यांच्या हाताखाली अलाबामाकडून खेळलेले. खेळाडू आत येण्यापासून कोच आत येण्यापर्यंत तीन दशकांहून जास्त काळ गेला. मधल्या काळात रॉबिन्सन ग्रॅम्बलिंगलाच सामने जिंकत होते.

शाळांमध्येही तेच. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा एकत्र केल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या. तिथले मुख्य कोच नव्या शाळेत मदतनीस झाले किंवा घरी बसले. हेच कोच आपली चांगली पोरं एचबीसीयूकडे पाठवत असत. पाइपलाइनच तुटली म्हणा ना. (आमच्या धंद्यात सिस्टिम मायग्रेट करताना असंच होतं. डेटा नीट येतो, पण तो डेटा समजणारी माणसं जुन्या ऑफिसात राहतात.)

पाइपलाइन एका दिवसात आटली नाही, हेही खरं. वॉल्टर पेटन १९७५ साली जॅक्सन स्टेटमधूनच व्यावसायिक लीगमध्ये गेला. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने तर बिल नन नावाच्या कृष्णवर्णीय पत्रकाराला खेळाडू शोधायच्या कामावर घेतलं. नन वर्षानुवर्षं एचबीसीयूंचे सामने बघत आले होते. बाकीचे संघ जिथे फिरकत नव्हते तिथले कोच त्यांना नावाने ओळखत. मेल ब्लाउंट, डॉनी शेल, जॉन स्टॉलवर्थ असे खेळाडू स्टीलर्सकडे आले आणि सहा हंगामांत चार सुपर बोल जिंकले. स्टॉलवर्थ कुठला माहितीये? टस्कलूसाचा. म्हणजे अलाबामा विद्यापीठ ज्या गावात आहे त्याच गावचा. तो शिकायला गेला हंट्सव्हिलला, अलाबामा ए अँड एम या एचबीसीयूत.

मुलींच्या खेळातही वारं फिरलं. १९७२ च्या कायद्याने विद्यापीठांना मुली-मुलांत भेदभाव करता येईना. मोठ्या विद्यापीठांनी मुलींचे संघ उभे केले, शिष्यवृत्त्या दिल्या. चांगलंच झालं. फक्त पुढची विल्मा आता नॅशव्हिलला येणार नव्हती.

१९९० च्या दशकातला एक अपवाद सांगतो. स्टीव्ह मॅकनेअर, मिसिसिपीतल्या माउंट ऑलिव्ह या खेड्यातला. मोठ्या विद्यापीठांना तो हवा होता, पण बचावात खेळण्यासाठी. त्याला क्वार्टरबॅक व्हायचं होतं, म्हणजे संघाचा मेंदू. ती जागा कृष्णवर्णीय पोरांना द्यायला तेव्हा लोक का-कू करत. अल्कॉर्न स्टेट या एचबीसीयूने म्हटलं, ये, क्वार्टरबॅक हो. तो गेला. १९९४ मध्ये हाइसमन ट्रॉफीच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वात मोठ्या बक्षिसाच्या, मतदानात तिसरा आला आणि पुढच्या वर्षी व्यावसायिक लीगने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खऱ्या अर्थाने "निवड" म्हणावी अशी ही पहिली ठळक गोष्ट. कारण दोन्ही दारं उघडी होती आणि लहान दारातून आत गेल्यावर त्याला हवं ते काम होतं.

पण एकट्यादुकट्याने काय होणार? २०१३ मध्ये ग्रॅम्बलिंगच्या, हो, रॉबिन्सनच्याच ग्रॅम्बलिंगच्या पोरांनी सामन्याला जायला नकार दिला. तक्रारी काय? खोल्यांमध्ये बुरशी, आणि लांबच्या सामन्यांना तासन्‌तास बसप्रवास. सामना सोडून द्यावा लागला. २०२१ मध्ये तर एनएफएलच्या निवडीत एकाही एचबीसीयूचा एकही खेळाडू नव्हता.

मधल्या काळात वारं पुन्हा फिरेल असं वाटायला लागलं होतं. २०१९ मध्ये पत्रकार जेमेल हिल यांनी 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहिला, की कृष्णवर्णीय खेळाडूंनी गोऱ्यांची कॉलेजं सोडावीत. मुद्दा सरळ होता. ज्यांच्या जिवावर पैसा येतो त्यांनी तो पैसा आपल्या संस्थांकडे न्यावा. जुलै २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या त्या उन्हाळ्यात, माकुर मेकर या बास्केटबॉलपटूने केंटकी, यूसीएलए वगैरे सोडून हॉवर्ड निवडलं. मोठा गाजावाजा झाला. मग दुखापत, मग कोविड, मग हंगामच रद्द. तो हॉवर्डकडून फक्त दोन सामने खेळू शकला.

आणि मग जॅक्सन स्टेटला कोच म्हणून डिऑन सँडर्स आले. माजी सुपरस्टार, तोंडाने फटाका, कॅमेरा सतत चालू. दोन वर्षांत स्टेडियम भरायला लागलं. हंटर आला. ऑगस्ट २०२२ मध्ये जॅक्सन शहराचं पाणीच बंद पडलं, नळाला पाणी नाही, संघाची राहायची सोय दुसरीकडे करावी लागली, तरी संघ नियमित हंगामात एकही सामना हरला नाही. डिसेंबरात सँडर्स कोलोराडो विद्यापीठात निघाले. जॅक्सनचा पगार वर्षाला तीन लाख डॉलर. कोलोराडोचा करार पाच वर्षांचा, दोन कोटी पंचाण्णव लाखांचा. हंटरही गेला.

आता ते भांडण. गद्दार की शहाणा?

मला एक स्वतःचं आठवलं. बारावीनंतर कॅप राउंडचा फॉर्म भरताना मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजऐवजी वरती पुण्याचं नाव टाकलं. ज्यांनी मला शाळेपासून गणित शिकवलं ते सर त्या तालुक्याच्या कॉलेजात होते. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बरं केलंस. लॅब चांगली असेल तिथे." मी अजून त्या वाक्याचा विचार करतो. तुलना ताणायची नाही, माझ्यासाठी कोणी दार बंद केलेलं नव्हतं. पण सर लॅबबद्दल बोलले ते बरोबर होतं. आमच्या कॉलेजला लॅब नव्हती ती माझ्यामुळे नव्हे.

म्हणून मला हंटरवर चिडता येत नाही. मघाशी म्हटलं होतं ना, पैशांच्या न्याय्य वाटणीकडे परत येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. १८९० च्या त्या कायद्याखालच्या कृष्णवर्णीय विद्यापीठांना १९८७ ते २०२० या काळात किती कमी पैसे मिळाले, याचा हिशोब त्यात होता. एकूण १२ अब्ज डॉलरहून जास्त. सगळ्यात मोठा आकडा टेनेसीचा, सुमारे २.१ अब्ज. कुठलं विद्यापीठ? टेनेसी स्टेट. टेंपल यांचं. विल्माचं. आणि हा हिशोब फक्त तेहतीस वर्षांचा आहे. शेतात थांबणाऱ्या त्या गाडीचा काळ त्यात धरलेलाच नाही.

एवढी थकबाकी राज्य सरकारांची, आणि आपण वसुली करायला निघालो अठरा वर्षांच्या पोराकडे. हिल यांचा लेख मला पटतो, खरंच पटतो, पण त्याची ही बाजू टोचते. त्यात सगळं ओझं पोराच्या डोक्यावरच्या टोपीवर येतं.

पुढे तर अंतर वाढतच चाललंय. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. ही मर्यादा गाठणं मोठ्यांना परवडतं. एचबीसीयूंना हा आकडा फक्त वाचता येतो.

जाता जाता एक तारीख सांगतो, १४ डिसेंबर २०२४. टोपीवाल्या दिवसाला तीन वर्षं व्हायला एक दिवस कमी. त्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये ट्रॅव्हिस हंटरला हाइसमन ट्रॉफी मिळाली, कोलोराडोचा खेळाडू म्हणून. सगळ्या बातम्या त्याच्याच होत्या. त्याच दिवशी दुपारी अटलांटात सेलिब्रेशन बोल झाला. दोन मोठ्या एचबीसीयू गटांचे विजेते तिथे भिडतात. सँडर्स असताना जॅक्सन स्टेट तो सामना दोनदा गाठून दोन्ही वेळा हरलं होतं. या वेळी कोच होते टी. सी. टेलर, जॅक्सन स्टेटकडूनच खेळलेले, तिथेच परत आलेले. समोर साउथ कॅरोलिना स्टेट. जॅक्सन स्टेट जिंकलं, २८-७.

भेटू पुढच्या रविवारी.